सिकलसेलच्या मुलाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असताना त्याची प्रतिकारशक्ती कमी का म्हणतात?

प्रश्न : बीएस्सी नर्सिंग, तिसरे वर्ष (चंद्रपूर)

नमस्कार. सध्या आमची पोस्टिंग बालरोग विभागात चालू आहे आणि केस प्रेझेंटेशनसाठी मला सिकलसेलचा, म्हणजे एसएस प्रकारचा (आई आणि वडील दोघांकडूनही दोषी जनुक आलेला), सहा वर्षांचा मुलगा दिलेला आहे. ताप आणि उजव्या नडगीतील तीव्र दुखणे या तक्रारींसाठी तो दाखल झाला आहे. त्याच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ७.२ ग्रॅम, पांढऱ्या पेशी १८,००० आणि ईएसआर (तांबड्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात त्याचे माप) फक्त ८ असा आहे. आमच्या नोट्समध्ये ‘सिकलसेलमध्ये रोगप्रतिकारशक्ती कमी होते, त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो’ एवढे एकच वाक्य आहे. माझा गोंधळ तिथेच होतो. जंतूंशी लढणाऱ्या पेशी पांढऱ्या पेशीच असतील आणि त्या या मुलात जवळजवळ दुप्पट असतील, तर त्याची प्रतिकारशक्ती कमी कशी? शिवाय ईएसआर इतका कमी असल्यामुळे संसर्ग नसावा, हे फक्त सिकलसेलचे दुखणे असावे, असे एका वरच्या वर्गातील विद्यार्थिनीने सांगितले. ते बरोबर आहे का?

नर्सिंग केअर प्लॅनमध्ये या मुलासाठी रिव्हर्स बॅरियर नर्सिंग (बाहेरच्या जंतूंपासून वाचवण्यासाठी रुग्णाला वेगळे ठेवणे) लिहावे की नाही, हेही ठरत नाही. मॅडमनी व्हायव्हामध्ये ‘का?’ असे विचारले, तर माझ्याकडे उत्तर नाही. कृपया मुळापासून समजावून सांगावे.


उत्तर १ : क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, नागपूर

तुमचा प्रश्न योग्य आहे आणि गोंधळाचे मूळ नोट्समधील त्या एका वाक्यात आहे. ‘प्रतिकारशक्ती कमी’ हे वाक्य रक्ताच्या प्रत्येक आजाराला लावता येते आणि म्हणूनच त्यातून काहीही कळत नाही. प्रतिकारशक्ती म्हणजे अनेक वेगवेगळी कामे आहेत. जंतूला अडवणे, ओळखणे, त्याच्यावर खूण करणे, त्याला गिळणे आणि पुढच्या वेळेसाठी त्याची आठवण ठेवणे ही ती कामे होत. रुग्णाची चादर बदलण्यापासून त्याला कोणते इंजेक्शन किती लवकर मिळाले पाहिजे इथपर्यंतचे सगळे निर्णय, यांपैकी नेमके कोणते काम बिघडले आहे त्यावर अवलंबून असतात.

सिकलसेलमध्ये बिघडते ते मुख्यतः प्लीहेचे, म्हणजे डाव्या बरगडीखालच्या रक्त गाळणाऱ्या अवयवाचे, काम. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच मूळ फरक असतो. परंतु त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. आता प्लीहेची रचना पाहा. तिथे रक्त अतिशय मंद गतीने, अरुंद फटींमधून जाते, ऑक्सिजन कमी असतो आणि वातावरण किंचित आम्लधर्मी असते. पेशी वाकडी होण्यासाठी याहून अनुकूल जागा शरीरात शोधून सापडणार नाही. त्यामुळे लहान वाहिन्या पुन्हा पुन्हा बंद पडतात, तेवढा भाग मरतो, तिथे व्रण राहतो, आणि काही वर्षांत प्लीहा आक्रसून निकामी होते. हे नुकसान बाळाचे गर्भकालीन हिमोग्लोबिन ओसरू लागल्यावर, म्हणजे साधारण सहाव्या महिन्यापासूनच सुरू होऊ शकते.

प्लीहेचे जाणे इतके महाग का पडते, हे समजण्यासाठी जंतूकडे पाहावे लागते. न्यूमोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी आणि मेनिंगोकॉकस या जीवाणूंभोवती शर्करायुक्त, बुळबुळीत आवरण असते. न्यूट्रोफिलला, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीला, ते थेट पकडता येत नाहीत. त्यांच्यावर आधी प्रतिपिंडे किंवा कॉम्प्लिमेंट प्रथिने चिकटावी लागतात. या खुणेलाच आपण ऑप्सोनायझेशन म्हणतो. या आवरणाविरुद्धची पहिली प्रतिपिंडे, विशेषतः आयजीएम, तयार करणाऱ्या बी पेशी प्लीहेच्या एका ठरावीक पट्ट्यात राहतात. आणि ज्या जंतूंवर खूण अपुरी झाली आहे त्यांनाही रक्तातून गाळून काढणाऱ्या मॅक्रोफेज पेशीही तिथेच असतात. तुमच्या रुग्णाच्या रक्तात शिपाई भरपूर फिरत आहेत, पण गाडी थांबवून तपासणारा नाकाच उठलेला आहे, असे समजा. पांढऱ्या पेशी १८,००० असूनही न्यूमोकॉकस रक्तात वाढत राहू शकतो आणि सकाळी साधा ताप असलेले मूल संध्याकाळपर्यंत शॉकमध्ये जाऊ शकते.

आपल्याकडील रुग्णांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण पाठ्यपुस्तकातील वर्णन बहुतांशी आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरून लिहिलेले असते. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये आणि त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील कामगारांमध्ये झाली. आपल्या भागात आढळणाऱ्या प्रकारात गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण तुलनेने अधिक राहते, त्यामुळे अनेक मुलांची प्लीहा लवकर आक्रसत नाही. उलट सात-आठ वर्षांच्या मुलातही ती वाढलेली हाताला लागते. यावरून ‘प्लीहा आहे, म्हणजे काम चालू आहे’ असा निष्कर्ष मात्र काढू नये. वाढलेली प्लीहा काम करत असेलच असे नाही. पोट तपासताना तिचा आकार कळतो, कार्य कळत नाही.

नडगीच्या दुखण्याकडेही लक्ष द्या. सिकलसेलमध्ये हाडाचा तुकडा रक्ताअभावी मरतो आणि अशा मृत हाडात जंतूंना जागा मिळते. आतड्याच्या आतील अस्तरालाही अशाच बारीक इजा होत असल्यामुळे साल्मोनेला तिथून रक्तात शिरतो. म्हणून या रुग्णांच्या अस्थिसंसर्गात स्टॅफिलोकॉकसच्या बरोबरीने, किंबहुना पुष्कळदा त्याच्याही आधी, साल्मोनेलाचा विचार केला जातो. दुखण्याचा झटका आणि हाडातील संसर्ग सुरुवातीला हुबेहूब सारखे दिसतात. एकाच जागी सूज, लाली, स्पर्श सहन न होणे आणि न उतरणारा ताप असेल, तर ते तुमच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. डॉक्टर दिवसातून दोनदा येतात, तुम्ही मात्र तिथे आठ तास असता.


उत्तर २ : रक्तपेढी व प्रयोगशाळा तंत्रज्ञ

मॅडमनी मूळ विषय उत्तम समजावला आहे. मी फक्त रिपोर्टवरील आकड्यांविषयी लिहितो, कारण १८,००० आणि ८ हे दोन्ही आकडे या मुलाच्या बाबतीत फसवे आहेत.

सिकलसेलच्या रुग्णाची अस्थिमज्जा सतत तांबड्या पेशींची तूट भरून काढत असते. घाईघाईत काही अपरिपक्व, केंद्रक असलेल्या तांबड्या पेशीही रक्तात येतात. पेशी मोजणारी बरीच यंत्रे केंद्रक दिसला की ती पांढरी पेशी समजून मोजतात. नवीन यंत्रांपैकी काही ही दुरुस्ती स्वतःच करतात, परंतु सर्व ठिकाणी तशी यंत्रे नाहीत. अशा वेळी स्लाइड पाहून दर शंभर पांढऱ्या पेशींमागे केंद्रकयुक्त तांबड्या पेशी किती आहेत ते मोजतात, यंत्राच्या आकड्याला शंभराने गुणतात आणि शंभर अधिक त्या पेशींच्या संख्येने भागतात. उदाहरणार्थ, स्लाइडवर अशा पेशी २० असतील, तर १८,००० गुणिले १०० भागिले १२०, म्हणजे खरा आकडा १५,००० येतो.

आणि हे १५,००० सुद्धा संसर्गाचा पुरावा नाहीत. जुनाट दाह आणि अतिकार्यक्षम अस्थिमज्जा यांमुळे या रुग्णांत काहीही आजार नसताना १२,००० ते १५,००० पांढऱ्या पेशी असणे नित्याचे आहे. म्हणून त्याच मुलाचा, तो बरा असतानाचा जुना रिपोर्ट शोधून त्याच्याशी तुलना करावी आणि बँड पेशी (अपरिपक्व न्यूट्रोफिल) वाढल्या आहेत का ते पाहावे. फाइलमध्ये जुना रिपोर्ट नसेल तर आईच्या पिशवीत तो नक्की सापडतो, हा माझा अनुभव आहे.

ईएसआरविषयी तुमच्या सीनियर ताईंचे म्हणणे मात्र चुकीचे आहे. तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक बसल्या, की त्या जड होऊन नळीत लवकर खाली बसतात आणि ईएसआर वाढतो. विळ्यासारख्या पेशींना अशी चळत करताच येत नाही. त्यामुळे संसर्ग जोरात असतानाही सिकलसेलमध्ये ईएसआर कमीच राहू शकतो. हिमोग्लोबिन ७.२ असलेल्या इतर बहुतेक रुग्णांत ईएसआर बराच वाढलेला आला असता. इथे ८ आला, याचा अर्थ पेशींचा आकार बिघडलेला आहे, एवढाच. ईएसआर कमी म्हणून संसर्ग नाही, असे कृपया केस प्रेझेंटेशनमध्ये लिहू नका. सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) आणि ब्लड कल्चर (रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) यांचाच आधार घ्या.

स्लाइडवर आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट असते. तांबड्या पेशीत एखादाच गोल, जांभळा, ठसठशीत ठिपका दिसला, तर ते हॉवेल-जॉली बॉडी असते. तो केंद्रकाचा राहिलेला अवशेष असतो आणि निरोगी प्लीहा तो काढून टाकते. हे ठिपके दिसू लागले, म्हणजे प्लीहेचे गाळण्याचे काम मंदावले आहे. तुमच्या रुग्णाची स्लाइड प्रयोगशाळेत जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची परवानगी मागा. बहुतेक ठिकाणी आनंदाने दाखवतात. विद्यार्थी येऊन विचारतात याचेच आम्हाला अप्रूप वाटते.

जाता जाता : सोल्युबिलिटी चाचणीत द्रावण गढूळ झाले, म्हणजे हिमोग्लोबिन एस आहे एवढेच ठरते, मूल वाहक आहे की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. तीन महिन्यांच्या आत रक्त चढवलेले असेल तर तो रिपोर्टही दात्याच्या रक्तामुळे बिघडतो, म्हणून नमुना पाठवताना रक्त दिल्याची तारीख फॉर्मवर अवश्य लिहावी.


उत्तर ३ : इन्चार्ज सिस्टर, बालरोग विभाग (गडचिरोली)

वरची दोन्ही उत्तरे वाचून समाधान वाटले. आता प्रत्यक्ष वॉर्डात काय करायचे ते सांगते.

सिकलसेलच्या मुलाला ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १०१.३ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर ती तातडीची अवस्था धरायची. मूल खेळत असले, खात असले, तरी धरायची. काखेत घेतलेले तापमान थोडे कमी येते, हे लक्षात ठेवून सीमारेषेवरच्या आकड्यालाही गांभीर्याने घ्यायचे. अशा मुलाला बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत थांबवून ठेवू नये. मी पूर्वी ज्या रुग्णालयात होते तिथे एका चार वर्षांच्या मुलीला ‘व्हायरल असेल’ असे सांगून पॅरासिटामॉलचे सिरप देऊन घरी पाठवले होते. आईने सिकलसेलचे कार्ड दाखवले होते, पण ते कोणी उघडून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती परत आली, तेव्हा तळहात पांढरेफटक आणि गार पडले होते, बोटाचे टोक दाबून सोडले तर रंग परत यायला चार-पाच सेकंद लागत होते आणि नाडी मोजता येत नव्हती इतकी जलद होती. ती वाचली, पण तेव्हापासून माझ्या वॉर्डात असे कार्ड दिसले की आधी थर्मामीटर आणि मग बाकीचे प्रश्न, हा नियम आहे.

क्रम असा ठेवावा : शिरेत सलाईनची सुई लावतानाच ब्लड कल्चरसाठी रक्त घ्यावे, त्वचेवरील जंतुनाशक पूर्ण सुकू द्यावे, आणि डॉक्टरांनी सांगितलेला अँटीबायोटिकचा पहिला डोस, सामान्यतः सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, तासाभराच्या आत गेला पाहिजे. कल्चरची बाटली संपली आहे म्हणून डोस थांबवायचा नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळू नये, त्याच नळीतून त्याच वेळी देऊही नये, कारण कॅल्शियमशी त्याचा साका तयार होतो. मध्ये नॉर्मल सलाईनने नळी धुऊन घ्यावी. क्वचित या औषधाने सिकलसेलच्या मुलांत अचानक तीव्र रक्तविघटन झाल्याचेही आढळले आहे, त्यामुळे औषध जात असताना मूल एकाएकी फिकट पडले, पाठ दुखते म्हणाले किंवा लघवी काळसर झाली, तर औषध बंद करून लगेच कळवावे.

पायाला सुई शक्यतो लावू नये, कारण या रुग्णांत घोट्याजवळ व्रण आणि शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो. टर्निकेट फार वेळ आवळून ठेवू नये. ताप उतरवण्यासाठी थंड पाण्याने पुसणे किंवा बर्फाची पिशवी ठेवणे पूर्णपणे टाळावे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखण्याचा झटका वाढतो. सलाईन भरपूर चढवले की बरे, असाही एक समज आहे. निर्जलीकरण भरून काढावे, पण त्यापुढे नेहमीच्या गरजेहून अधिक द्रव दिल्यास फुप्फुसात पाणी साठून अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोमला (सिकलसेलमधील फुप्फुसाच्या अचानक, गंभीर बिघाडाला) निमंत्रण मिळते. इनपुट-आउटपुट चार्ट हा या आजारात उपचाराचाच भाग आहे, म्हणून तो अंदाजाने भरू नका.

छातीत किंवा पाठीत दुखते म्हणून ही मुले उथळ श्वास घेतात, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, तिथे संसर्ग होतो आणि ऑक्सिजन आणखी कमी होतो. यावरचा उपाय स्वस्त आहे : तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरवर जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा खोल श्वास घ्यायला लावणे. लहान मुलाला फुगा किंवा साबणाचे फुगे चालतात. रात्रपाळीची सिस्टर हे कटाक्षाने करून घेते की नाही, यावर मुलाचा एक्स-रे कसा येतो ते बरेचदा ठरते, असे माझे मत आहे.


उत्तर ४ : जीएनएम, अंतिम वर्ष (यवतमाळ)

आम्हाला कॉलेजमध्ये सांगितले होते की रक्ताचा कोणताही गंभीर आजार असेल तर रुग्णाला स्वतंत्र खोली द्यावी, नातेवाइकांना मास्क घालायला लावावा आणि कच्ची फळे बंद करावीत. मग या मुलाला रिव्हर्स बॅरियर का नको? धोका तर आहेच ना?


उत्तर ५ : क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, नागपूर

धोका आहे, पण त्याचा प्रकार वेगळा आहे. ल्युकेमियाची केमोथेरपी चालू असलेले किंवा अप्लास्टिक अ‍ॅनिमियाचे मूल घ्या. समजा त्याच्या एकूण पांढऱ्या पेशी १,२०० आहेत, त्यांत न्यूट्रोफिल २० टक्के आणि बँड ५ टक्के आहेत. तर निरपेक्ष न्यूट्रोफिल संख्या १,२०० च्या २५ टक्के, म्हणजे ३०० झाली. ही संख्या ५०० च्या खाली असते तेव्हा गिळणारी पेशी जवळजवळ शिल्लकच नसते. त्या रुग्णाला त्याच्या स्वतःच्या त्वचेवरील, तोंडातील आणि आतड्यातील जंतू, तसेच बुरशी, भारी पडते. पू तयार व्हायलाही न्यूट्रोफिल लागतात, म्हणून संसर्ग असूनही गळू दिसत नाही, लाली दिसत नाही. दिसतो तो फक्त ताप. त्याला संरक्षक विलगीकरण, तोंडाची निगा, गुदद्वारातून तापमान न घेणे, एनिमा न देणे हे सर्व लागू होते.

सिकलसेलच्या मुलाकडे न्यूट्रोफिल आहेत. त्याला स्वतंत्र खोलीत ठेवल्याने नाकाघशात आधीपासूनच राहणारा न्यूमोकॉकस बाहेर राहणार नाही. त्याला हवे आहे ते लसीकरण, प्रतिबंधक पेनिसिलिन आणि तापाला त्वरित प्रतिसाद. वॉर्डात हात धुण्यासह नेहमीची स्टँडर्ड प्रिकॉशन्स पुरेशी असतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला विनाकारण एकटे कोंडून ठेवल्याने काही साधत नाही, उलट वेदनेची भीती वाढते.

दोन अपवाद आहेत. हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलचे झटके कमी करण्यासाठीचे औषध) चालू असलेल्या रुग्णात औषधामुळे न्यूट्रोफिल खरोखरच उतरू शकतात. तसे झाले तर औषध थांबवतात आणि वर लिहिलेले नियम त्यालाही लागू होतात. म्हणूनच त्याचे रक्ताचे रिपोर्ट ठरलेल्या अंतराने होत आहेत का, हे पाहणे परिचारिकेचे काम आहे. दुसरा अपवाद पार्व्होव्हायरस बी१९ चा. हा विषाणू अस्थिमज्जेतील तांबड्या पेशींच्या जनक पेशींवर हल्ला करतो. निरोगी मुलाला त्याने गालावर लाली येण्यापलीकडे फारसे काही होत नाही, कारण त्याची तांबडी पेशी १२० दिवस जगते आणि आठवडाभर उत्पादन थांबले तरी चालते. सिकलसेलमध्ये पेशी जेमतेम दहा ते वीस दिवस जगते, त्यामुळे उत्पादन थांबताच हिमोग्लोबिन कोसळते आणि रेटिक्युलोसाइट (नव्याने तयार झालेल्या तांबड्या पेशी) जवळपास शून्यावर येतात. अशा मुलाला वेगळे ठेवावे लागते, पण इतरांच्या रक्षणासाठी, कारण तो विषाणू थेंबांतून पसरतो. गर्भवती सिस्टरची त्या खोलीत ड्यूटी लावू नये. गर्भाला त्यामुळे गंभीर रक्तक्षय होऊ शकतो.

केअर प्लॅनमध्ये ‘रोगप्रतिकारशक्ती कमी असल्यामुळे संसर्गाचा धोका’ असे न लिहिता ‘प्लीहेचे कार्य मंदावल्यामुळे आवरणयुक्त जीवाणूंच्या संसर्गाचा धोका’ असे लिहा. मग पुढील उपाय आपोआप सुचतात आणि व्हायव्हाच्या ‘का?’ लाही उत्तर तयार असते.


प्रश्नकर्ती : बीएस्सी नर्सिंग, तिसरे वर्ष (चंद्रपूर)

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी ब्लड कल्चरचा प्राथमिक रिपोर्ट आला असून त्यात साल्मोनेला वाढत असल्याचे कळवले आहे, त्यामुळे नागपूरच्या मॅडमचे हाडाविषयीचे वाक्य वाचून अंगावर काटा आला. ईएसआरवरचा परिच्छेद मी फाइलमधून काढून टाकला आहे.

आणखी दोन शंका आहेत. सिकलसेलमुळे मलेरियापासून संरक्षण मिळते, असे आम्ही सूक्ष्मजीवशास्त्रात शिकलो. मुलाच्या आजोबांनाही कोणीतरी तसेच सांगितले आहे आणि त्यामुळे घरी मच्छरदाणी वापरत नाहीत. त्यांना काय सांगावे? आणि डिस्चार्जच्या वेळी आईला कोणत्या गोष्टी शिकवाव्यात?


उत्तर ६ : समुदाय आरोग्य अधिकारी, धडगाव (नंदुरबार)

आजोबांना कृपया आजच समजावून सांगा. संरक्षण मिळते ते वाहकाला, म्हणजे ज्याच्याकडे एकच दोषी जनुक आहे त्याला, आणि तेही फाल्सिपॅरम मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून. ही गोष्ट १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून मांडली. वाहकाच्या पेशीत परजीवी शिरला की ती पेशी वाकडी होते आणि प्लीहा तिला लवकर उचलून नष्ट करते. म्हणजे हे संरक्षण बऱ्याच अंशी प्लीहेच्याच भरवशावर आहे. एसएस मुलाकडे तीच दुबळी झालेली असते. शिवाय त्याचे हिमोग्लोबिन आधीच सात, त्यात मलेरियाने पेशी फुटल्या तर ते तीन-चारवर यायला वेळ लागत नाही. गडचिरोलीत मलेरिया खूप आणि सिकलसेलही तिथे भरपूर, त्यामुळे हा गैरसमज आपल्याकडे जीवघेणा ठरतो. एसएस मुलासाठी मच्छरदाणी औषधाइतकीच आवश्यक आहे. व्हायव्हॅक्स मलेरिया झाल्यास प्रायमाक्विन सुरू करण्यापूर्वी जी६पीडी या तांबड्या पेशीतील विकराची कमतरता नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, कारण ती असल्यास त्या औषधानेही पेशी फुटतात.

डिस्चार्जच्या वेळी लसीकरण कार्ड स्वतः वाचा. न्यूमोकॉकसची संयुग्मित लस आपल्या नियमित लसीकरणात देशभर २०२१ मध्ये आली. ती सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत देतात. तुमचा रुग्ण त्याआधी जन्मलेला असेल तर त्याला ती मिळालेली नसण्याची शक्यता मोठी आहे. दोन वर्षांवरील मुलाला २३ प्रकारांची न्यूमोकॉकस लसही देतात, पण ती साध्या शर्करेची असल्याने दोन वर्षांखालील बाळाच्या बी पेशी तिला दाद देत नाहीत. टायफॉइडच्या लशीविषयीही डॉक्टरांना विचारा. हिबचा (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बीचा) घटक पेंटाव्हॅलंट या पाच रोगांच्या एकत्रित लशीत असतो, तो पूर्ण झाला आहे का तेवढे पाहा.

पेनिसिलिनची गोळी रोज दोनदा का, हे आईला पटवणे अवघड जाते, कारण मूल तर बरे दिसत असते. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांखालील सिकलसेलच्या बालकांना ही गोळी दिल्यावर न्यूमोकॉकसचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले आणि चाचणी मुदतीपूर्वीच थांबवून सर्वांना औषध देण्यात आले. आईला अर्थात हे आकडे सांगायचे नाहीत. मी एवढेच सांगते की ही गोळी तापाची नाही, ताप येऊ नये म्हणून आहे, त्यामुळे बरे वाटते म्हणून ती बंद करायची नसते. पाच वर्षांनंतर ती चालू ठेवायची की नाही, हे डॉक्टर ठरवतात. तुमच्या रुग्णाच्या बाबतीत साल्मोनेला आल्यामुळे ते मुद्दाम विचारून घ्या.

प्लीहा चाचपायला आईला तुमच्यासमोरच शिकवा. मूल उताणे झोपवून गुडघे थोडे दुमडायचे, उजव्या हाताची बोटे बेंबीच्या डाव्या बाजूने हळूहळू डाव्या बरगडीकडे न्यायची आणि मुलाला मोठा श्वास घ्यायला सांगायचे. कडा बोटाला येऊन टेकते. जमैकात आयांना अशा प्रकारे शिकवल्यावर प्लीहेत अचानक रक्त साठण्याच्या झटक्यांतील मृत्यू कमी झाले होते, त्यामुळे हे काम आईला जमणार नाही असे धरून चालू नका. आमच्याकडच्या पावरा आयांना मी बरगडीखाली किती बोटे मोठी आहे एवढेच लक्षात ठेवायला सांगते. दोन बोटांची प्लीहा एका दिवसात चार बोटांची झाली, मूल फिकट पडले आणि सुस्तावले, तर ताप नसला तरी थेट रुग्णालय गाठायचे. उपकेंद्रात माझी वाट पाहत बसायचे नाही, १०८ ला फोन करून निघायचे.